जागतिक व्यापार आणि भारताचे शैक्षणिक धोरण : दोन शतकांची खतावणी

इ. स. १८१३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण केले. शालेय पाठ्यपुस्तकांत या कायद्याचा उल्लेख येतो तो बहुधा एका वाक्यापुरता. हिंदुस्थानातील लोकांच्या शिक्षणासाठी दरसाल किमान एक लाख रुपये खर्च करण्याची तरतूद या कायद्याने प्रथमच झाली, असे ते वाक्य असते. चहाचा व चीनशी होणारा व्यापार वगळता हिंदुस्थानच्या व्यापारावरील कंपनीची मक्तेदारीही याच कायद्याने संपविली, ही गोष्ट मात्र त्या वाक्यात येत नाही. नेपोलियनने युरोपातील बंदरे इंग्रजी मालाला बंद केली होती. माल साठून राहिला होता आणि मँचेस्टर, ग्लासगो, लिव्हरपूल येथील कारखानदार व व्यापारी नव्या बाजारपेठेसाठी पार्लमेंटचे दार ठोठावीत होते. बाजारपेठ खुली करणारे कलम आणि शिक्षणाचे कलम अशा रीतीने एकाच कागदावर आले.

शिक्षणाच्या त्या कलमाची भाषाही पाहण्यासारखी आहे. लष्करी, मुलकी व व्यापारी खर्च भागवून आणि कर्जावरील व्याज देऊन जी शिल्लक उरेल, तीतून हा लाख रुपया द्यावयाचा होता. रोजमेळ लिहिणाऱ्या कोणाही माणसास याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. शिल्लक लवकर उरली नाही. १८२३ मध्ये कलकत्त्यास लोकशिक्षण समिती नेमली जाईपर्यंत ही रक्कम बव्हंशी कागदावरच राहिली.

शैक्षणिक धोरण म्हणजे थोर विचारवंतांच्या चिंतनाचे फळ, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अगदीच खोटी नाही. परंतु गेल्या दोनशे वर्षांचा हिशेब उलगडून पाहिला, तर धोरणाचा कागद बहुतेक वेळा परदेशातील बाजाराचा भाव बदलल्यानंतर बदललेला दिसतो.

मेकॉलेचे नाव आपल्याकडे १८३५ च्या टिपणामुळे गाजले. त्याच्या दोन वर्षे आधी पार्लमेंटमध्ये केलेल्या भाषणात त्याने याहून स्पष्ट बोलून दाखविले होते. हिंदी लोक अज्ञानी राहून इंग्रजांच्या ताब्यात असण्यापेक्षा सुशिक्षित व स्वतंत्र होऊन इंग्रजी बनातीचे कपडे व इंग्रजी सुऱ्या-कात्र्या वापरू लागले, तर इंग्लंडचा अधिक लाभ आहे, अशा आशयाचे ते प्रतिपादन होते. गिऱ्हाईक दरिद्री राहिले तर दुकान चालत नाही, हा साधा व्यापारी विचार त्यामागे होता. त्यातच पहिल्या ब्रह्मी युद्धाने कंपनीचा खजिना रिता झालेला होता आणि लॉर्ड बेंटिंक यांस खर्चकपातीसाठीच पाठविण्यात आले होते. इंग्रज अधिकाऱ्याच्या पगारापेक्षा इंग्रजी जाणणाऱ्या हिंदी कारकुनाचा पगार कितीतरी कमी, हा हिशेबही इंग्रजी शिक्षणाच्या पाठीशी होता.

मुंबईत मात्र या विचाराला विरोध झाला, याची नोंद घेतली पाहिजे. शिक्षण मंडळावर असताना नाना शंकरशेट यांनी देशी भाषांतून शिक्षण देण्याचा आग्रह सर अर्स्किन पेरी यांच्याविरुद्ध नेटाने धरला. नाना स्वतः मोठे व्यापारी होते. व्यापारी मनुष्य परकीय बाजाराकडेच डोळे लावून बसतो, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

१९ जुलै १८५४ चा वुडचा खलिता हा आधुनिक भारतीय शिक्षणाचा पाया समजला जातो. विद्यापीठे, शिक्षण खाते, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि खासगी संस्थांना सरकारी अनुदान, या सर्वांचा उगम त्यात आहे. या खलित्यात शिक्षणाचे उद्देश सांगताना नीतिमत्ता व ज्ञानप्रसार यांच्या जोडीने आणखी एक उद्देश कसलाही आडपडदा न ठेवता नोंदविलेला आहे. शिकलेला हिंदी माणूस श्रम व भांडवल यांचा उपयोग जाणेल, देशाची साधनसंपत्ती वाढवील, त्यामुळे इंग्लंडच्या कारखान्यांना कच्चा माल खात्रीने मिळत राहील आणि इंग्लंडच्या मालाला जवळजवळ कधीही न संपणारी मागणी राहील, असा तो उद्देश. मुंबई–ठाणे रेल्वे आदल्याच वर्षी सुरू झाली होती. कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ मध्येच स्थापन केली. मुंबई, कलकत्ता व मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली.

अनुदानाच्या पद्धतीविषयी येथे थोडे थांबून सांगावयास हवे, कारण तिचा संबंध पुढे येणार आहे. सर्व शाळा सरकारने स्वतः चालविणे खर्चाचे होते. लोकांनी पैसा उभारून शाळा काढावी, सरकारने तपासणी करावी आणि नियम पाळणाऱ्या संस्थेस खर्चाचा काही भाग द्यावा, ही युक्ती इंग्लंडमध्ये आधीच रुळलेली होती. काटकसरीतून जन्मलेल्या या पद्धतीने महाराष्ट्रात पुढील शंभर-दीडशे वर्षांत धर्मादाय संस्थांच्या, ज्ञातिसंस्थांच्या व लोकवर्गणीच्या असंख्य शाळांना आधार दिला. उद्देश कोणताही असो, हे फळ चांगले निघाले.

यानंतर सात वर्षांनी जे घडले, त्याइतका लख्ख पुरावा या विषयात दुसरा नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत असे. ती बंदरे उत्तरेच्या आरमाराने रोखली. लिव्हरपूलच्या बाजारात अमेरिकन कापसाचा भाव युद्धापूर्वीच्या चौपटीच्याही वर गेला आणि खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड येथील गासड्यांसाठी मुंबई बंदरात जहाजे ताटकळू लागली. मुंबईत सोन्या-चांदीचा पूर आला. नव्या बँका, नव्या वित्तीय कंपन्या, समुद्र हटवून जमीन तयार करण्याच्या कंपन्या रोज निघू लागल्या. शेअर्सचे वायदे हमालांपासून सरकारी अधिकाऱ्यांपर्यंत सारेच करीत होते.

या तेजीचा नायक म्हणजे प्रेमचंद रायचंद. सुरतेच्या जैन कुटुंबात १८३१ मध्ये जन्मलेले प्रेमचंद एल्फिन्स्टन संस्थेत शिकले होते. इंग्रजी लिहिता-वाचता व बोलता येणारा मुंबईतील पहिला देशी दलाल, असा त्यांचा लौकिक होता. इंग्रज व्यापाऱ्याशी दुभाष्यावाचून बोलणे ही त्या काळी केवढी मोठी पुंजी होती, याची कल्पना करता येईल. तेजी ऐन भरात असताना, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मातोश्रींच्या नावे उभा राहिलेला हा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. दृष्टी गेलेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वी चौविहार करता यावा, म्हणून घड्याळाचे टोले उपयोगी पडत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, समाजाने ती प्रेमाने जपली आहे. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख दिले व त्यातून निघालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती बंगालमधील विद्वत्तेचे भूषण ठरली. सर कावसजी जहांगीर यांनी मुंबई विद्यापीठाच्या पदवीदान सभागृहासाठी दिलेला एक लाख रुपयाही याच काळातला.

१८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस मुंबईच्या इतिहासात काळा दिवस म्हणून नोंदला गेला. पेढ्या बुडाल्या, प्रेमचंद स्वतः बुडाले, बँक ऑफ बॉम्बेही पुढे बंद पडली. विद्यापीठाला दिलेला पैसा मात्र वाचला, कारण तो दान म्हणून आधीच हातावेगळा झालेला होता. प्रेमचंदांच्या अफाट संपत्तीपैकी टिकले ते एवढेच, असे म्हटल्यास फारसे वावगे ठरणार नाही.

ही झाली जमेची बाजू. नावेची बाजू खेड्यांत पडली. तेजीतील भाव डोळ्यांसमोर ठेवून सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी केली, भाव उतरले आणि वाढलेला सारा भरण्यासाठी शेतकऱ्याला सावकाराचा उंबरठा झिजवावा लागला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला व तो नगर जिल्ह्यात पसरला. दंगेखोरांनी माणसे मारली नाहीत. त्यांनी वह्या, खाती व कर्जरोखे मागून घेऊन जाळले. हे सावकार बहुतांशी मारवाडी व गुजर होते आणि त्यांत जैन कुटुंबेही होती, हे नमूद न करणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या कागदावर शेतकऱ्याने खूण केली होती, तो कागद त्याला वाचता येत नव्हता. १८७९ च्या दक्षिण शेतकरी संरक्षण कायद्याने कर्जरोखे ग्रामनोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिण्याची सक्ती केली. प्रत्येक गावात शाळा काढण्याचा उपाय मात्र कोणी केला नाही.

म्हणजे लिव्हरपूलच्या एकाच तेजी-मंदीतून मुंबईला ग्रंथालय मिळाले आणि सुप्याला जळालेल्या वह्या मिळाल्या. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमकी हीच तफावत मांडली. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर. म्हणून किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. त्या वेळी शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल सेस वसूल केला जाई व त्यातील काही भाग शाळांसाठी राखलेला असे. शेतकरी शिक्षणाचा कर भरीत होता. त्याच्या मुलापर्यंत शिक्षण पोहोचत नव्हते.

पुढे मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनला जाऊ लागले. गिरण्यांतील तांत्रिक जागांवर लँकेशायरमधून आणलेले साहेब होते व त्यांचा पगार गिरणीमालकांना जड जात होता. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. लॉर्ड रिपन यांच्या स्मारकासाठी जमलेला निधी आणि गिरणीमालक सर दिनशॉ पेटिट यांची देणगी यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. व्यापाराची गरज व शिक्षण यांचा मेळ इतका सरळ क्वचितच बसतो. सरकारचे एकंदर धोरण मात्र दुटप्पी होते. १८९६ मध्ये लँकेशायरच्या समाधानासाठी देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसविण्यात आला आणि तो १९२६ पर्यंत चालू राहिला. तांत्रिक शिक्षणास हातभार लावावयाचा आणि ते शिक्षण ज्या मालाला उपयोगी, त्याच मालावर कर लावावयाचा, असा हा प्रकार होता.

नामदार गोखले यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. कारणांत पैशाची अडचण होतीच.

१९२९ च्या जागतिक मंदीने शेतमालाचे भाव निम्म्यावर आणले व प्रांतिक सरकारांची तिजोरी आटली. अशा स्थितीत १९३७ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली, तेव्हा एक विचित्र पेच उभा राहिला. प्रांतांच्या उत्पन्नात दारूवरील अबकारीचा मोठा हिस्सा होता. दारूबंदी करावी तर शाळांना पैसा नाही, शाळा चालवाव्यात तर दारू चालू ठेवावी लागते. मुलांच्या शिक्षणासाठी मद्याच्या उत्पन्नावर अवलंबून राहावे लागणे ही महात्मा गांधींना क्रूर थट्टा वाटली. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास, मारवाडी शिक्षण मंडळाच्या विद्यालयाच्या रौप्य महोत्सवाच्या निमित्ताने, जी शिक्षण परिषद भरली, तिच्यामागे हा पेच होता. डॉ. झाकीर हुसेन समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात टकळीवरील सूतकताईला मध्यवर्ती स्थान मिळाले आणि मुलांनी कातलेल्या सुतातून किती उत्पन्न होईल, याचा हिशेबही मांडला गेला. नई तालीमकडे आज केवळ आदर्शवाद म्हणून पाहिले जाते. त्यामागे मंदीच्या काळातील रिकाम्या तिजोरीचे वास्तवही होते. मुलांच्या सुताने शिक्षकाचा पगार निघाला नाही, ही गोष्ट वेगळी.

स्वातंत्र्यानंतर परकीय मदतीचे रूप पालटले. पवईची आय. आय. टी. १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत साहाय्याने सुरू झाली. मद्रासला पश्चिम जर्मनी, कानपूरला अमेरिका, दिल्लीला ब्रिटन यांनी हात दिला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्याचे उद्दिष्ट सांगितले. १९६८, १९८६ व २०२० या तिन्ही धोरणांनी ते आदराने उच्चारले आणि आजतागायत ते गाठले गेलेले नाही. महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. येथील मुले भरमसाट देणग्या मोजून कर्नाटकात जात होती, तो पैसा राज्यातच राहिला. शासनाने खर्च न करता जागा वाढविण्याची ही रीत पुढे फार दूरवर गेली.

१९९१ साली आखाती युद्धाने तेल महागले आणि परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण ठेवावे लागले, रुपयाचे अवमूल्यन झाले आणि सरकारी खर्चावर कात्री आली. याच सुमारास, १९९० च्या जोमतिएन येथील जागतिक परिषदेपासून, आंतरराष्ट्रीय संस्थांचा कल प्राथमिक शिक्षणाकडे वळला होता. १९९४ मध्ये सुरू झालेला जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम हा जागतिक बँकेच्या कर्जाचा व इतर परकीय मदतीचा आधार घेऊन उभा राहिला व महाराष्ट्रात तो मराठवाड्याच्या जिल्ह्यांपासून सुरू झाला. जोतीरावांनी १८८२ मध्ये मागितलेल्या गोष्टीला मोठ्या प्रमाणावर पैसा मिळाला, तो शंभराहून अधिक वर्षांनी आणि कर्जाऊ. त्या कार्यक्रमातून वर्गखोल्या व पुस्तके आली, मुली शाळेत आल्या. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. २००४ पासून केंद्रीय करांवर दोन टक्के शिक्षण उपकर लागला, तेव्हा जुन्या लोकल सेसची आठवण फार थोड्यांना झाली असेल.

त्याच वर्षांत संगणकाचे युग आले. २००० सालाच्या तारखेच्या घोळामुळे अमेरिकेतील कंपन्यांना प्रोग्रॅमर हवे होते आणि ती मागणी पुण्या-मुंबईच्या घराघरांत ऐकू आली. त्याच वर्षी महाराष्ट्राने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. अभियांत्रिकी महाविद्यालये तालुक्याच्या गावी निघाली, मंदीत त्यांतील अनेकांच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि आता पुन्हा संगणक शाखेसाठी झुंबड आहे. राजाबाई मनोऱ्याची २०१३ ते २०१५ या काळात जी दुरुस्ती झाली, तिचा खर्च टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या सॉफ्टवेअर कंपनीने उचलला.

मात्र त्याच काळात महाराष्ट्रात दोन निर्णय झाले, ज्यांची झळ अजून विझलेली नाही. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिक शाळेतील नव्या शिक्षकास पहिली तीन वर्षे दरमहा ३००० रुपये मानधनावर काम करावे लागले. २००१ पासून नव्या शाळांना परवानगी ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर मिळू लागली. वुडच्या खलित्याने सुरू केलेली पद्धत अशी एका शब्दाने थांबली. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द वगळला गेला, परंतु अनुदान टप्प्याटप्प्याने येत राहिले आणि वर्षानुवर्षे पगाराविना शिकविणारे शिक्षक आझाद मैदानावर बसलेले मुंबईने पाहिले. खर्चकपातीचे तत्त्व कागदावर निर्विकार दिसते. त्याची किंमत कोणाच्या घरची चूल मोजते, हे त्या कागदावर लिहिलेले नसते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने परदेशी विद्यापीठांना दार उघडले. डीकिन व वोलाँगाँग या ऑस्ट्रेलियन विद्यापीठांचे वर्ग २०२४ मध्ये गांधीनगरजवळील गिफ्ट सिटीत सुरू झाले. त्याच २०२० साली जागतिक बँकेने ५० कोटी डॉलरचे नवे शालेय शिक्षण कर्ज मंजूर केले आणि त्यातील सहा राज्यांत महाराष्ट्र आहे.

राज्यात २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आल्यापासून अनेक धर्मादाय संस्थांच्या आवारात दोन शाळा शेजारी-शेजारी भरतात. एक जुनी अनुदानित मराठी शाळा, जिची पटसंख्या दरवर्षी घटते; दुसरी शुल्कावर चालणारी इंग्रजी शाळा, जिच्या प्रवेशासाठी पालक रांग लावतात. मराठी शाळेची तुकडी बंद करावी की इंग्रजी शाळेच्या शिलकीतून ती चालवावी, हा विषय विश्वस्त मंडळांच्या वार्षिक सभांत आता दरवर्षी निघतो.